मामा, पद्मपाणी जागेवरच आहे

परवा फॅमिली ग्रुपवर मामांनी फॉरवर्ड टाकला: ‘जे.जे.त शिकवणाऱ्या जॉन ग्रिफिथ्स या लष्करी अधिकाऱ्याने अजिंठ्याची चित्रं खरवडून लंडनला नेली, तिथे ती जळून खाक झाली. उरलेल्यांना वार्निश फासलं. विद्यार्थ्यांचं काम स्वतःच्या नावावर खपवलं.’ मी गप्प बसलो असतो, पण इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेला बसणाऱ्या भाचीने ते वहीत उतरवून घेतलंय.

लष्करी अधिकारी म्हणजे मेजर रॉबर्ट गिल, ग्रिफिथ्सच्या आधी अजिंठ्यात राबलेला. ग्रिफिथ्स वेल्सचा चित्रकार. १८६५ साली मुंबईत आला तो जे.जे. कला शाळेत शिकवायला आणि तीसेक वर्षं इथेच राहिला. डोक्यावर मासा घेतलेली मुंबईची बाई त्याने रंगवलीय, ती बघा एकदा.

आता ते खरवडणं. अजिंठ्याची भिंत म्हणजे कातळावर माती-भुश्श्याचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, मग रंग. तो भिंतभर खरवडला तर हातात माती येईल, चित्र नाही! लंडनला गेल्या त्या नकला. १८७२ ते १८८५ या काळात ग्रिफिथ्स आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी लेण्यांत बसून केलेल्या. १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या आगीत त्यातल्या बऱ्याच गेल्या. वाचलेल्या आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत आणि तिथली नोंद स्पष्ट आहे: कॅनव्हासवर तैलरंग. दीड हजार वर्षांपूर्वी अजिंठ्याच्या वाघूर नदीकाठी कॅनव्हास कोण ताणत होतं? गिलच्या नकलाही १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या होत्या. आगी दोन, दोन्हींत जळाल्या त्या नकलाच. मूळ पद्मपाणी, हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व, पहिल्या लेण्यात उभा आहे. मामा, औरंगाबादला बदली होती तेव्हा तुम्हीच आम्हाला टॉर्च मारून दाखवलात ना?

वार्निशचं मात्र खरं आहे, नाइलाजाने कबूल करतो. रंग उठून दिसावेत म्हणून नकला करताना मूळ चित्रांवर वार्निश लावलं गेलं आणि ते पुढे पिवळं-काळं पडलं. पण ग्रिफिथ्स एकटा नव्हे. निजामाने १९२०च्या सुमारास बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनीही वर शेलॅक, म्हणजे लाखेचं वार्निश, चढवलं.

राहिले विद्यार्थी. अजिंठ्याच्या चित्रांवरच्या १८९६-९७च्या दोन खंडांवर नाव ग्रिफिथ्सचं आहे, हे बरोबर. त्याचे विद्यार्थी, चित्रकार पेस्तनजी बमनजी त्याच कामात तयार झाले, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याला ठाऊक तरी होतं का? विद्यार्थ्यांची एवढी कणव, आणि एकाचंही नाव नाही.