खुलासा : ‘उबुंटू २४.०४ वर पिप बंद केलंय’ हे खरं नाही

जळगाव-धुळ्याच्या कॉलेज ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : नव्या उबुंटूत (लिनक्सची एक ऑपरेटिंग सिस्टम) पिप, म्हणजे पायथनची पॅकेजेस बसवणारं साधन, चालत नाही, प्रत्येक वेळी ‘ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस’ हा पर्याय लावा, काही बिघडत नाही.

पिप चालतं. पिपने काही बसवायला गेलं की येणारी ‘एक्सटर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ ही एरर मुद्दाम ठेवलेली आहे, सिस्टमच्या पायथनमध्ये पिपने ढवळाढवळ करू नये म्हणून. उबुंटूत ती २३.०४ पासून आली, उबुंटू ज्यावर उभी आहे त्या डेबियनमध्ये १२ पासून. सुडो (ॲडमिनच्या हक्काने कमांड चालवणं) किंवा ‘युजर’ (फक्त स्वतःच्या खात्यात बसवणं) लावूनही ती टळत नाही. पर्यायाचं नावच ‘सिस्टम मोडा’ सांगतंय, तरी लोक डोळे झाकून चिकटवतात!

होतं काय ते पाहा. एप्टने (उबुंटूचं स्वतःचं पॅकेज बसवणारं साधन) बसवलेलं नमपाय १.२६ (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) सिस्टमच्या डिस्ट-पॅकेजेस फोल्डरात असतं. तो पर्याय लावून, सुडोशिवाय, पिपने जबरदस्तीने अपग्रेड केलं की नमपाय २ तुमच्या होममधल्या डॉट-लोकल या लपलेल्या फोल्डरात जातं. पायथन आधी डॉट-लोकल बघतो. मग १.२६ साठी कंपाइल झालेल्या एप्टच्या पांडाजला (नमपायवर चालणारी डेटा हाताळायची लायब्ररी) नमपाय २ मिळतं आणि इम्पोर्टलाच सगळं कोसळतं. शंका असेल तर पायथन३ ला ‘उणे एस’ (लहान एस) देऊन चालवा. डॉट-लोकल वगळलं जातं. तेव्हा चाललं, तर चोर तिथेच.

ते नमपाय २ काढायला ‘पिप अनइन्स्टॉल नमपाय’ ही कमांड द्या, सुडोशिवाय. इथे मात्र तोच ‘ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस’ पर्याय लावावा लागतो.

पुढे प्रोजेक्टगणिक वेगळं व्हेन्व्ह (सिस्टमपासून वेगळं पायथनचं वातावरण) करा, पिप त्यात चालवा. आधी एप्टने ‘पायथन३-व्हेन्व्ह’ घ्या. बहुतेक जण इथेच अडतात.