त्या ‘सहा सुवर्णनियमां’चं करायचं काय?

‘कार्यालयीन संगणक सुरक्षेचे सहा सुवर्णनियम’ अशा मथळ्याचा एक मेसेज पतसंस्था, महाविद्यालयं आणि छोट्या रुग्णालयांच्या ग्रुपांवर फिरतोय. नियम थोडक्यात असे. दर ३० दिवसांनी पासवर्ड बदला. पासवर्डात कॅपिटल अक्षर, आकडा आणि खूण हवीच, मग तो फुटत नाही. सगळ्यांचे पासवर्ड एका वहीत लिहून साहेबांकडे ठेवा, म्हणजे कोणाच्या रजेमुळे काम अडत नाही. ओटीपी चालू करा, हॅकरचा बाप आला तरी आत शिरणार नाही. जमलं तर बोटाचा ठसा लावा, तो कोणाला चोरता येत नाही. आणि सहावा: माणसं विश्वासातली ठेवा, लहान संस्थेच्या वाटेला कोणी जात नाही.

अशाच संस्थांची संगणक यंत्रणा बघणं हे माझं काम. हा मेसेज एका ठिकाणी प्रिंट काढून नोटीस बोर्डावर लावलेला पाहिला, म्हणून लिहायला बसलो. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नाही. यातले एक-दोन नियम तर एके काळी सरकारी शिफारशींत होते. पण सहाही नियमांत जबाबदारी घ्यायची ती कर्मचाऱ्यानेच: लक्षात ठेव, बदल, ठसा दे, विश्वासू राहा. कोणाला किती अधिकार द्यायचे, कोणी द्यायचे आणि परत कधी घ्यायचे, हे संस्थेचं काम. त्याबद्दल चकार शब्द नाही.

पहिला नियम, दर ३० दिवसांनी बदल. याचं मूळ अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेच्या २००३ च्या मार्गदर्शक सूचनांत सापडतं. त्या लिहिणाऱ्या बिल बर यांनीच २०१७ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलशी बोलताना त्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला. त्याच वर्षी निस्टने ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका असं सांगितलं, आणि २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही विंडोजच्या सुरक्षा शिफारशींतून ही अट काढून टाकली. कारण माणसाचा स्वभाव. दर महिन्याला नवा पासवर्ड कोणी शोधत बसत नाही. ‘गणपती@एप्रिल’चा ‘गणपती@मे’ होतो. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये तिथल्या ७,७०० हून अधिक खात्यांचे जुने-नवे पासवर्ड तपासले. जुना पासवर्ड माहीत असेल तर १७ टक्के खात्यांचा पुढचा पासवर्ड पाच किंवा त्याहून कमी प्रयत्नांत ओळखता येत होता. म्हणजे चोराला एकदा एप्रिल मिळाला की मे, जून, जुलै आपोआप मिळाले.

पासवर्ड बदलायचा तो कारण घडल्यावर: फुटल्याची शंका आली, माहीत असलेला माणूस गेला, फसव्या पानावर टाकला गेला. तेव्हा मात्र महिना संपायची वाट बघायची नाही, त्याच दिवशी बदलायचा. लेखापरीक्षकाच्या तक्त्यात अजून ‘मुदत किती दिवसांची’ हा रकाना असतो आणि तो भरावा लागतो, हे मलाही ठाऊक आहे. नियामकाने मुदत सांगितली असेल तर ती पाळा. पण रकाना भरला म्हणजे संस्था सुरक्षित झाली, असं समजू नका.

कॅपिटल, आकडा आणि खूण यांचं फार वेळ नाही घेत. इंग्रजीतला पासवर्ड हाच शब्द घ्या, पहिलं अक्षर कॅपिटल करा, ए-च्या जागी ॲटची खूण, ओ-च्या जागी शून्य. तिन्ही अटी पूर्ण, आणि पासवर्ड फोडणाऱ्यांच्या प्रत्येक यादीत हा असतोच. लांबी जास्त कामाची. निस्टच्या २०२५ च्या आवृत्तीत, नुसत्या पासवर्डवर भागवायचं असेल तर किमान १५ अक्षरं सांगितली आहेत. दुसरी पडताळणी जोडीला असेल तर ८ चालतात. चार असंबद्ध शब्दांचं वाक्य सहज १५ ओलांडतं. त्याहून मोठी अडचण ही, की कामाच्या ठिकाणचा पासवर्डच खरेदीच्या साइटवर वापरला जातो. ती साइट फुटली की तुमचा दरवाजा उघडा, पासवर्डात मग कितीही खुणा असोत. अमेरिकेतल्या कलोनिअल पाइपलाइन कंपनीवर मे २०२१ मध्ये हल्ला झाला, तेव्हा कंपनीच्या प्रमुखांनी सिनेटपुढे आवर्जून सांगितलं की आमचा पासवर्ड साधासुधा नव्हता, किचकट होता. असेल. त्याने काही वाचलं नाही. त्या प्रकरणाकडे पुन्हा यायचंच आहे.

आता वही. सगळा मेसेज एका बाजूला आणि हा नियम एका बाजूला, इतका तो घातक आहे. आणि खेदाची गोष्ट म्हणजे हा एकच नियम सगळीकडे मनापासून पाळला जातो.

पतसंस्थेच्या काउंटरवर दुपारी काय चालतं ते पाहा. लिपिक स्वतःच्या आयडीवरून कर्ज खात्याची एंट्री करतो. पासिंग अधिकाऱ्याने करायचं असतं, पण साहेब वसुलीला बाहेरगावी. लिपिक उठतो, साहेबांच्या खुर्चीत बसतो, कीबोर्डखाली चिकटवलेल्या चिठ्ठीत बघून त्यांचा पासवर्ड टाकतो आणि स्वतःचीच एंट्री पास करतो. परत येऊन टोकन पुकारतो. एंट्री करणारा (मेकर) आणि ती पास करणारा (चेकर) दोन वेगळी माणसं असावीत म्हणून सॉफ्टवेअरवाल्याने एवढी रचना केली, ती दोन खुर्च्यांच्या अंतरात संपली. लॉगमध्ये, म्हणजे यंत्रणेच्या आपोआप होणाऱ्या नोंदींत, मात्र सगळं व्यवस्थित दिसतं: एंट्री अमुक, पास तमुक, वेळ दोन वाजून दहा मिनिटं.

लिपिक प्रामाणिक असतो, बहुतेक वेळा. त्याच्या दृष्टीने तो संस्थेचं काम अडू देत नाही. पण उद्या एखादी एंट्री खोटी निघाली तर? साहेब म्हणणार मी गावात नव्हतो. लिपिक म्हणणार पासवर्ड चौघांना माहीत होता. दोघंही खरं बोलतात, आणि दोघांनाही ते सिद्ध करता येत नाही. ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस सांभाळायचे आणि सायबर घटना ६ तासांत कळवायची. ठेवा लॉग. पण त्यात दिसणारं नाव आणि कीबोर्डवरची बोटं वेगवेगळ्या माणसांची असतील, तर १८० दिवसांचे लॉग काय आणि १८० वर्षांचे काय.

ग्रामपंचायतींत, शाळांत हाच प्रकार डिजिटल सहीच्या डोंगलचा, म्हणजे संगणकाला लावायच्या यूएसबी किल्लीचा. सही साहेबांची, डोंगल ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये, पिन डोंगलवरच पेनाने लिहिलेला. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ४२ वं कलम सांगतं की सही करणारी खासगी किल्ली, म्हणजे डोंगलमधला गुप्त संकेत, ताब्यात ठेवणं ही सहीच्या धन्याची जबाबदारी. ‘मी डोंगल दिला होता, सही मी केली नाही’ या बचावाला त्यामुळे फारसा आधार उरत नाही.

मोठ्या संस्थांना हे कळतं, असाही एक समज आहे. मुंबईत फोर्टमधल्या ब्रॅडी हाउस शाखेतला पंजाब नॅशनल बँकेचा घोटाळा फेब्रुवारी २०१८ मध्ये बाहेर आला. परदेशी बँकांना हमीचे संदेश स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेवरून जात होते आणि कोअर बँकिंगमध्ये, म्हणजे बँकेच्या मुख्य हिशेब यंत्रणेत, त्यांची नोंदच होत नव्हती, कारण दोन्ही यंत्रणा जोडलेल्याच नव्हत्या. ज्याच्यावर मुख्य ठपका आला तो अधिकारी सुमारे सात वर्षं त्याच शाखेत होता. १३ हजार कोटींच्या वर गेलेल्या या प्रकरणात कोणी पासवर्ड फोडून आत शिरलं नव्हतं. अधिकार एका ठिकाणी साचले आणि त्यांची उलटतपासणी दुसरीकडे कुठेच होत नव्हती.

मग रजेचं काय? आपल्याकडच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये अधिकार तात्पुरते दुसऱ्याच्या आयडीवर देता येतात, या तारखेपासून त्या तारखेपर्यंत. सोय असते, वापरत कोणी नाही, कारण चिठ्ठी सोपी पडते. बंद पाकिटाला माझी एकच ठिकाणी संमती आहे: यंत्रणेचा सर्वोच्च ॲडमिन आयडी, तोही अडीअडचणीपुरता. पाकीट सीलबंद, तिजोरीत, उघडलं की दोघांच्या सह्या आणि लगेच नवा पासवर्ड. ते पाकीट म्हणजे वही नव्हे.

ओटीपीच्या नियमात निम्मं तथ्य आहे. नसण्यापेक्षा असलेला बरा, यात वाद नाही. पण फसवं पान तुमच्याकडून पासवर्ड घेतं, पाठोपाठ ओटीपीही घेतं आणि त्याच मिनिटाला खऱ्या साइटवर टाकतं. तुमचा नंबर स्वतःच्या सिमवर फिरवून घेणारे वेगळेच. मोबाइलवर ‘हे तुम्हीच आहात का’ विचारून होकार घेणारी पद्धतही माणसाला कंटाळा आणून फोडता येते. २०२२ मध्ये उबरच्या एका कंत्राटदाराला अशा सूचनांचा मारा सोसावा लागला, शेवटी त्याने एकदा होकार दाबला आणि हल्लेखोर आत. यावरचा उतारा पासकी (फोनमध्ये किंवा संगणकात साठवलेली डिजिटल किल्ली) किंवा यूएसबीतली सुरक्षा किल्ली. ती ज्या साइटवर नोंदवली त्याच पत्त्याला उत्तर देते. अक्षर इकडचं तिकडे केलेल्या नकली पत्त्यावर ती गप्प बसते, वापरणारा कितीही गोंधळला तरी. गूगलने ८५ हजारांवर कर्मचाऱ्यांना अशा किल्ल्या सक्तीच्या केल्या आणि त्यानंतर कामाचं एकही खातं फिशिंगने, म्हणजे अशा फसवाफसवीने, गेल्याचं आढळलं नाही, असं कंपनीने २०१८ मध्ये सांगितलं. सगळ्यांना किल्ल्या परवडणार नसतील तर ॲडमिन, लेखा विभाग आणि अध्यक्षांच्या ईमेलपासून सुरुवात करा.

बोटाचा ठसा? २०१३ मध्ये ब्राझीलमध्ये एक डॉक्टर सहकाऱ्यांची हजेरी सिलिकॉनच्या बोटांनी लावताना पकडली गेली. एवढी मेहनत तिने हजेरीसाठी घेतली! ठसा पुढच्या ड्यूटीवरच्या माणसाला सांगता येत नाही, हा त्याचा खरा गुण. फुटला तर बदलता येत नाही, हा दोष. मोबाइल उघडण्यापुरता तो झकास आहे, कारण तो फोनच्या आतच राहतो. संस्थेच्या सर्व्हरवर सगळ्यांचे ठसे गोळा करून ठेवायला मी तरी सांगणार नाही.

राहिला सहावा, विश्वासाचा आणि लहानपणाचा. लहान संस्थेकडे कोणी फिरकत नाही हे खरं नाही, कारण चोर आधी संस्था निवडत नाही. फुटलेल्या पासवर्डांच्या याद्या यंत्राला देतो, जे दार उघडेल तिथे जातो. आपल्या सहकार क्षेत्राला तर याचा चटका बसलेला आहे. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये, ११ आणि १३ तारखेला, ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघत होते.

आणि आतल्या माणसांचं म्हणाल, तर नागपूर विभागातलं बोगस शालार्थ आयडीचं (शालार्थ म्हणजे शिक्षकांच्या पगाराची सरकारी ऑनलाइन यंत्रणा) प्रकरण २०२५ मध्ये गाजलं. अपात्र लोकांचे शिक्षक म्हणून आयडी तयार करून सरकारी तिजोरीतून पगार काढल्याचा आरोप आहे आणि शिक्षण खात्यातल्या अधिकाऱ्यांना अटकही झाली. न्यायालय काय ते ठरवेल. पण यात पासवर्ड १५ अक्षरांचा असता तरी काय फरक पडणार होता? आयडी कोणाच्या कागदपत्रांवर जन्माला येतो आणि तो तयार करणारा व मंजूर करणारा खरोखर वेगळे आहेत का, हे कोणी पाहायचं, असा प्रश्न आहे. विश्वास हा काही त्याचा तपास नव्हे.

आयडी जन्माला येतो तसा तो मरायलाही हवा. कर्मचारी नोकरी सोडतो तेव्हा नो ड्यूजचा फॉर्म घेऊन टेबलाटेबलावर फिरतो. ग्रंथालयाची पुस्तकं, ओळखपत्र, कपाटाची चावी, पतपेढीचं कर्ज, सगळ्यांच्या सह्या होतात. कित्येक संस्थांच्या या फॉर्मवर लॉगिन बंद केल्याची ओळच नसते. स्टीलच्या कपाटाची चावी परत घेतात आणि पगारपत्रकाची चावी तशीच सोडून देतात. कलोनिअलमध्ये नेमकं हेच झालं. बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरायचं ते खातं वापरात नव्हतं, पण बंदही केलेलं नव्हतं. पासवर्ड चोरबाजारातल्या यादीत सापडला, दुसरी पडताळणी नव्हती. साडेपाच हजार मैलांची इंधनवाहिनी थांबली आणि सुमारे ४४ लाख डॉलर खंडणी द्यावी लागली.

बदलीचं दुखणं आणखी छुपं असतं. ठेव विभागातून कर्ज विभागात गेलेल्या माणसाला नवे अधिकार मिळतात, जुने कोणी काढत नाही. तीन बदल्यांनंतर सगळ्यांत जास्त अधिकार असलेला माणूस व्यवस्थापक नसतो, सर्वांत जास्त फिरलेला लिपिक असतो.

यावर महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. दर तिमाहीला यंत्रणेतून वापरकर्त्यांची यादी काढा, शेजारी हजेरीपट घ्या, आणि विभागप्रमुखाला प्रत्येक नावापुढे सही करायला लावा: हा माणूस आहे, हे अधिकार त्याला हवेत. ‘टेस्ट१’, ‘ट्रेनी’, ‘ऑडिट’ अशी नावं निघतील. ज्यांचा धनी सापडत नाही ती त्याच बैठकीत बंद करायची. ओरड झालीच तर धनी सापडला. यादीच्या तळाशी सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याचा आयडी असेल, बहुधा सर्वाधिकार असलेला, आणि तो त्यांच्या कार्यालयातली सगळी पोरं एनीडेस्क या दुरून संगणक चालवायच्या सॉफ्टवेअरवरून वापरत असतील. पुढचं देखभालीचं बिल पास करण्यापूर्वी त्यांच्याकडून प्रत्येकाच्या नावाचा वेगळा आयडी मागा, आणि काम निघेल तेव्हाच तो उघडायचा हे करारात लिहून घ्या.