तीस रुपयांचा एनआरआय

तीस रुपये. एवढ्या रकमेपायी नागपूरच्या धरमपेठेतल्या एका ठेल्यापाशी माझी जी शोभा झाली, ती आठवली की अजून कानशिलं तापतात. तर्री-पोहे पोटात गेले होते, वरून तर्री मागून झाली होती, आणि मी पाचशेची नोट पुढे केली. ठेलेवाल्यानं नोटेला हातही लावला नाही. पोह्याच्या झाऱ्यानंच गाडीवर चिकटवलेला क्यूआर कोड दाखवला. "सकाळी सकाळी सुट्टे कुठून आणू भाऊ? स्कॅन करा."

आता माझा फोन न्यू जर्सीचा. त्यात स्कॅन करण्यासारखं काही नाही. हे मी त्याला हळू आवाजात सांगितलं. माझं दुर्दैव असं की शेजारी एक काका उभे होते आणि त्यांचे कान ठणठणीत होते.

काका म्हणजे डोक्याला मफलर, अ‍ॅक्टिव्हाच्या हुकाला मेथीची जुडी, हातात पोह्यांची प्लेट, आणि वेळच वेळ.

"काय झालं? स्कॅनर नाही चालून राहिला का?"

"नाही, म्हणजे माझ्याकडे यूपीआय नाही."

"काहून नाही?"

"मी बाहेर असतो."

"बाहेर म्हणजे? वर्धा?"

"अमेरिका."

काकांनी प्लेट खाली ठेवली. माणसाला निवांत न्याहाळायचं असलं की हात मोकळे लागतात. मग चौकशी सुरू झाली. कोणत्या गावी, किती वर्षं झाली, घर स्वतःचं का, बायको काय करते, महिन्याचे किती पडतात. शेवटच्या प्रश्नाला मी "बरं चाललंय" म्हणालो, तर त्यांनी माझ्या हातातल्या पाचशेच्या नोटेकडे असं पाहिलं की जणू उत्तर तिथेच लिहिलेलं होतं.

"वर्धा रोडचा डबल डेकर पूल पाह्यला का? खालून गाड्या, मधून गाड्या, वरून मेट्रो. गिनीज बुकात आहे नं तो! अमेरिकेत आहे का असा?"

मी म्हटलं, ठाऊक नाही.

"नसन. आणि समृद्धीनं गेले का? पाच तासात शिर्डी. अन् तुमच्या फोनमंधी तीस रुपये नाही!"

या वाक्यांचा एकमेकांशी काय संबंध, हे विचारायच्या आत त्यांनी आपला फोन काढून कोडवर धरला. गाडीवरचा डबा खणखणीत आवाजात ओरडला, तीस रुपये मिळाल्याचं. मी पाचशेची नोट त्यांच्या हातात कोंबू लागलो.

"राहू द्या नं बाप्पा. आपल्या गावचे पाहुणे आहे तुम्ही."

पाहुणा! याच चौकातून मी सायकलवर डबलसीट शाळेत गेलोय. पण एवढ्यावर भागलं असतं तर हा लेख लिहिला नसता. नवीन गिऱ्हाईक आलं की काका त्याला माझी ओळख करून देऊ लागले. "हे अमेरिकेहून आले. पैसे नव्हते. मी दिले." पैसे नव्हते नाही हो, सुट्टे नव्हते, असं मी प्रत्येकाला सांगत होतो. कॉलेजातली दोन पोरं तर इतक्या कणवेनं बघत होती की त्यातला एक चहा पाजायला निघाला. मी घरी पोचायच्या आत बातमी पोचलेली होती, कारण काका दादाबरोबर सकाळी फिरायला जातात. दादानं फोनवरून त्यांना तीस रुपये पाठवले आणि मग दिवसभर मला "काही लागलं तर सांगजो बरं" म्हणत राहिला. वहिनी हसू दाबत होती. फार दाबत नव्हती.

तेव्हा येणाऱ्यांनो, भारतातला नंबर मरू देऊ नका. प्रीपेड सिम 90 दिवस वापरलं नाही आणि त्यात 20 रुपयेही शिल्लक नसले, तर कंपनी ते बंद करू शकते. माझं तसंच गेलं. तो नंबर आता गोंदियाकडच्या कुण्या गृहस्थाला मिळालाय. मी फोन लावला तर तोच माझ्यावर डाफरला, कारण माझ्या बँकेचे निरोप त्याला येतात.

2023 पासून अमेरिका, इंग्लंड, सिंगापूर, अमिराती अशा ठरावीक देशांच्या नंबरवरूनही यूपीआय चालवता येतं. एनआरई किंवा एनआरओ खातं, म्हणजे आम्हा एनआरआय मंडळींचं भारतातलं बँक खातं, त्या नंबरला जोडलेलं हवं, एवढंच. एवढंच! मी जोडायला गेलो. खिडकीतली मुलगी म्हणाली, जुन्या नंबरवर ओटीपी जाईल. म्हटलं, तो बंद आहे म्हणून तर बदलायचाय. म्हणाली, मग तो चालू करून आणा सर. आता गोंदियाला जाऊन त्या गृहस्थाच्या पाया पडू? माझा चेहरा, माझा पासपोर्ट, माझी सही, पासबुकातला माझा तरुणपणीचा फोटो, या कशालाच काही किंमत नाही. सहा आकडे सांगता आले तर तुम्ही तुम्ही.

बाकी शहर चकाचक झालंय, नाही कशाला म्हणू? बर्डीला मेट्रोतून उतरताना मला खरंच बरं वाटलं. पण गल्लोगल्ली सिमेंटचे रस्ते असे चढवत नेलेत की दादाच्या फाटकातून आत जायला आता पायरी उतरावी लागते. सप्टेंबर 2023 मध्ये अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी फुगली, तेव्हा पाणी याच पायरीनं आत आलं. फ्रिज तरंगत होता म्हणे. आम्ही तिकडे व्हिडिओ पाहत होतो, आणि दादा फोन उचलत नव्हता. त्याबद्दल कुणाला विचारलं तर उत्तर एकच, "पण पूल पाह्यला का?"

आणि पाकीट निघण्यापूर्वी तपासा. माझ्या पाकिटात मागच्या खेपेची दोन हजाराची गुलाबी नोट निघाली. मे 2023 मध्ये ती चलनातून काढायचं जाहीर झालं, तरी कायद्यानं ती अजून चालते. फक्त घेत कुणी नाही. त्यातल्या त्यात नागपूरकरांचं नशीब असं की रिझर्व्ह बँकेच्या ज्या 19 कार्यालयांत ती बदलून मिळते, त्यातलं एक आपल्या संविधान चौकात आहे. नोटाबंदीनंतरही एनआरआयना जुन्या नोटा बदलायची सोय देशात मोजक्याच ठिकाणी होती, आणि त्यात नागपूर होतं. म्हणजे आम्हा लोकांच्या शिळ्या नोटांची काळजी हे शहर आधीपासून वाहतंय.

गेलो. फॉर्म भरला, ओळखपत्र दाखवलं, रांगेत उभा राहिलो. ओटीपी कुणी मागितला नाही, मला भरून आलं. दोन हजाराची नोट गेली आणि तिच्या बदल्यात कोऱ्या करकरीत नोटा हातात आल्या. चारही पाचशेच्या.