परदेश दाखवायचाय? आधी पिवळा रंग आणा

सिनेमा काढताय? त्यात परदेश आहे? मग एक पथ्य पाळा, त्या देशात जाऊ नका. १९८४ ला आलेल्या ‘इंडियाना जोन्स’च्या मंडळींना भारत सरकारनं पटकथेत बदल सुचवले. त्यांनी सरळ श्रीलंकेत कँडीजवळ भारत उभारला. २००६ च्या ‘बोराट’मधलं कझाकस्तानचं गाव तर रोमानियातलं निघालं. गावकरी नंतर कोर्टात गेले, पण तोवर तिकिटं विकून झाली होती.

रंग पिवळाच हवा, म्हणजे अख्ख्या चित्रावर पिवळी छटा चढवा. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, रस्त्यावरचं डांबर पायाला चिकटतं, तरी आकाश निळंच राहतं. पडद्यावर मात्र ढाका, मेक्सिको, कराची यांना बारमाही कावीळ.

माणूस पाकिस्तानी असेल तर डोळ्यांत सुरमा आणि तोंडात ‘जनाब’. झालं.

जेवणात किळस हवी. त्याच ‘इंडियाना जोन्स’सारखा भारतातल्या महाराजाच्या पंगतीत माकडाचा मेंदू वाढा, सूपमध्ये डोळे तरंगू द्या. सावजीचा रस्सा वाढला असता तरी गोरा पाहुणा घामाघूम होऊन उठला असता, पण तेवढी चौकशी कोण करणार!

सण नसेल तर बनवा. २०१५ च्या बाँडपटात मेक्सिको सिटीत मृतांच्या दिवसाची भव्य मिरवणूक दाखवली. तशी मिरवणूक तिथं निघतच नव्हती. २०१६ पासून ती खरोखर निघायला लागली!

आता इतिहास. हा शेजाऱ्यांचा असेल तर आपलाच समजून वापरा. २०१४ च्या ‘गुंडे’नं १९७१ चं युद्ध असं सांगितलं की जणू भारत-पाकिस्तान लढले आणि बांगलादेश त्यातून आपसूक जन्मला. स्वातंत्र्यासाठी लढलेली बांगलादेशींची मुक्तिवाहिनी गेली कुठं? तिकडं संताप उसळला, मग निर्मात्यांनी माफी मागितली. माफी नेहमी प्रदर्शनानंतर मागावी, हीसुद्धा टीप समजा. त्याआधी २००९ मध्ये ‘चांदनी चौक टू चायना’नं बुद्धांचा जन्म भारतात लावला. नेपाळमध्ये लोक रस्त्यावर उतरले, सिनेमा थिएटरांतून काढावा लागला. अहो, आमच्या दीक्षाभूमीबाहेर पुस्तकं विकणाऱ्याला एक फोन केला असता तर त्यानं हातातलं गिऱ्हाईक न सोडता सांगितलं असतं, लुंबिनी, नेपाळ! कोट्यवधींचा सिनेमा, आणि एवढं विचारायला माणूस नाही?

मागच्या रविवारी असाच एक सिनेमा पाहिला. शेजारच्या देशाची राजधानी, अर्थात पिवळी. हिरोनं एका गल्लीत अख्खं पोलीस ठाणं झोडपलं. मागच्या रांगेतले एक गृहस्थ सातवी-आठवीतल्या पोराला समजावत होते, ‘‘पाह्य, तिकडं असंच असते. सगळे चोट्टे.’’ मध्यंतरात मी विचारलं, ‘‘भाऊ, तुम्ही गेले होते का कधी तिकडं?’’

‘‘काऊन? पिच्चरमंधी दाखवून राहिले ना!’’

झाला त्या पोराचा भूगोल.

कसल्या टिपा न् कसलं काय. माकडाच्या मेंदूवरून अजून आपला जळफळाट होतो, गारुडी आणि झोपडपट्टी दिसली की देशाचा अपमान होतो. आणि आपल्या हिरोनं ढाक्याची, काठमांडूची तीच गत केली की शिट्ट्या! लाज नाही वाटत? त्या गल्लीत राहणारी माणसंही सिनेमे पाहतात, आपलेच पाहतात, आपली गाणी त्यांना पाठ असतात. दिग्दर्शकांनो, हिरोच्या मेकअप व्हॅनला पैसे आहेत, मग त्या देशातला एक माणूस पगारावर ठेवून त्याच्याकडून पटकथा वाचून घ्यायला काय होतं? निव्वळ आळस आहे हा, आणि वर माज. आणि शिट्ट्या मारणाऱ्यांनो, सिनेमा बघा, पॉपकॉर्न खा, खुशाल खा. पण आपल्याला जे ठाऊक नाही ते पोरांच्या डोक्यात भरू नका.