फॉरमॅटच्या आधी काय पाहावे : उदगीरच्या वाचकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

अपडेटनंतर सुरू न होणाऱ्या घरगुती संगणकाविषयी मी लिहिलेल्या लेखावर आपण उदगीरहून परखड प्रतिक्रिया पाठवली आहे. ती नुसती नाराजी नसून मुद्देसूद आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. आपले आक्षेप थोडक्यात असे : अपडेट चालू असताना संगणक बंद करू नका, असे मी एकीकडे सांगतो आणि पुढच्याच परिच्छेदात बटण दाबून धरून तो जबरदस्तीने बंद करायला सांगतो, ही उघड विसंगती आहे. भाच्याच्या डेस्कटॉपवर दुरुस्तीची निळी स्क्रीन आली खरी, पण तिथे माउस हलला नाही आणि कीबोर्डही चालला नाही, त्यामुळे माझा सल्ला कागदावरच राहिला. दुकानदार तासाभरात फॉरमॅट करून देत असताना सामान्य माणसाने या भानगडीत पडूच नये. आणि अपडेट हेच मूळ दुखणे असल्यामुळे ते कायमचे बंद करावे. याखेरीज आपला स्वतःचा संगणक सध्या काळ्या स्क्रीनवर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ एवढेच दाखवून थांबतो, असेही आपण जाता जाता लिहिले आहे. त्याविषयी शेवटी लिहितो.

विसंगतीचा आक्षेप आधी घेतो. त्या दोन सूचना दोन वेगळ्या अवस्थांसाठी आहेत आणि या अवस्था ओळखता येणे हाच या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. स्क्रीनवर टक्केवारी दिसते आणि संगणक बंद करू नका अशी सूचना असते, तेव्हा विंडोज जुन्या फाइली बाजूला करून त्यांच्या जागी नव्या बसवत असते. या कामाची यादी ते स्वतःजवळ ठेवते, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी पुढच्या वेळी उरलेले काम पूर्ण करण्याचा किंवा झालेले काम मागे घेण्याचा प्रयत्न ते करते, आणि बहुतेक वेळा तो यशस्वीही होतो. परंतु डिस्कच्या तात्पुरत्या स्मृतीत असलेला आणि प्रत्यक्ष डिस्कवर अजून न उतरलेला मजकूर त्या क्षणी नाहीसा होऊ शकतो. म्हणून या अवस्थेत बटणाला हात लावायचा नाही.

दुसऱ्या अवस्थेत टक्केवारी नसते. कंपनीचे चिन्ह येते, खाली ठिपके गोल फिरतात, मग स्क्रीन काळी होते आणि पुन्हा तेच चिन्ह येते. येथे काहीही बसवले जात नसते, विंडोज सुरू होऊ पाहत असते आणि अडखळत असते. सलग दोन वेळा सुरू होण्यात अपयश आले की पुढच्या वेळी विंडोज आपण होऊन दुरुस्तीची स्क्रीन उघडते. ठिपके फिरत असताना बटण सुमारे दहा सेकंद दाबून धरून संगणक बंद करायचा, तो हे अपयश विंडोजच्या हिशेबात धरले जावे म्हणून. मग ‘ट्रबलशूट’, त्यात ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ आणि त्यात ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ असा मार्ग आहे. तेथे दर महिन्याचे ‘क्वालिटी अपडेट’ आणि आवृत्ती बदलणारे मोठे ‘फीचर अपडेट’ असे दोन पर्याय मिळतात. नेहमीच्या घोटाळ्यात पहिला घ्यावा. दुसऱ्याची मुदत साधारण दहा दिवसांची असते, त्यानंतर जुनी आवृत्ती पुसली जाते.

टक्केवारी एकाच आकड्यावर अडकली तर काय, असा प्रश्न कोणीही विचारील. त्यासाठी कॅबिनेटवरचा डिस्कचा छोटा दिवा पाहावा. तो अनियमितपणे लुकलुकत असेल तर काम चालू आहे, आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर मोठ्या अपडेटला काही तास लागणे मुळीच नवलाचे नाही. दिवा पूर्ण विझलेला आहे किंवा अजिबात न मिटता तसाच पेटलेला आहे, आकडाही हलत नाही, अशा स्थितीत दोनेक तास गेले, तरच मी बटणाकडे हात नेईन.

आपल्याकडे विजेचा भरवसा नाही, हे मात्र आपण अगदी योग्य लिहिले आहे. रब्बीत मोटारी सुरू झाल्या की घरातला दिवा मिणमिणतो, हे मराठवाड्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, डेस्कटॉपला नसते. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्यावरचा ‘यूपीएस मोड’ चालू आहे का तेवढे पाहावे, कारण साध्या मोडमध्ये वीज गेल्यापासून बॅटरी हाती घेईपर्यंतचा क्षण डेस्कटॉप बंद पाडायला पुरेसा ठरू शकतो. त्याहून सोपे म्हणजे रीस्टार्टची वेळ आपण स्वतः ठरवावी. ती विंडोजवर सोपवली की ते वापर नसलेली, म्हणजे बहुधा रात्रीची वेळ निवडते.

आता भाच्याच्या डेस्कटॉपविषयी. आपण ऑक्टोबर २०२५ चा उल्लेख केला आहे, त्यावरून कारणाचा अंदाज बांधता येतो. त्या महिन्याच्या १४ तारखेला विंडोज ११ साठी जे अपडेट आले, त्यानंतर यूएसबीचे कीबोर्ड आणि माउस विंडोजमध्ये नेहमीसारखे चालत राहिले, पण दुरुस्तीच्या स्क्रीनवर चालेनासे झाले. मायक्रोसॉफ्टने हा दोष मान्य केला आणि २० ऑक्टोबरला नियमित वेळापत्रकाबाहेरचे दुरुस्ती-अपडेट दिले. ज्याचा संगणक सुरूच होत नाही त्याला ते घेणार कसे, हा आपला संताप समजण्यासारखा आहे. अशा वेळी दोन वाटा आहेत. कॅबिनेटच्या मागे जांभळे गोल छिद्र असेल तर जुना गोल पिनेचा कीबोर्ड तेथे लावावा, तो चालतो, आणि असा कीबोर्ड संगणक दुरुस्तीच्या दुकानात कोपऱ्यात धूळ खात पडलेला सहज मिळतो. दुसरी वाट अधिक भरवशाची आहे : चालू असलेल्या दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून ‘मीडिया क्रिएशन टूल’ उतरवून आठ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह तयार करावा, बिघडलेला संगणक त्यावरून सुरू करावा आणि विंडोज नव्याने बसवण्याऐवजी दुरुस्तीचा पर्याय निवडावा. ही दुरुस्तीची साधने पेनड्राइव्हवरची असल्यामुळे डिस्कवरच्या साधनांतला दोष त्यांना लागत नाही, आणि बटण दाबून जबरदस्तीने बंद करण्याची वेळही येत नाही. ज्यांना तसे बंद करण्याची धास्ती वाटते त्यांनीही हीच वाट धरावी.

फॉरमॅटच्या मुद्द्यावर मात्र मी आपल्याशी सहमत होऊ शकत नाही, आणि माझा विरोध केवळ फोटो आणि कागदपत्रे जातात एवढ्यासाठी नाही. सेलूच्या एका शिक्षकांच्या घरचा डेस्कटॉप अपडेटनंतर निळी स्क्रीन दाखवू लागला. तिच्यावर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असे लिहिलेले होते. दुकानात ‘विंडोज करप्ट, फॉरमॅट’ अशी चिठ्ठी मिळाली होती. मी त्यांना विचारले की अपडेट झाल्यावर तो एकदाही सुरू झाला नाही का. तेव्हा ते म्हणाले, ‘झाला की. रात्री अपडेट झालं, तो सुरू झाला, मी प्रश्नपत्रिकेची प्रिंटसुद्धा काढली, मग बंद करून नेहमीसारखं बोर्डाचं बटण बंद केलं. सकाळी हे असं.’ या एका वाक्याने अपडेट निर्दोष ठरले, कारण जे अपडेट संगणक सुरू होऊ देत नाही ते प्रिंट काढण्यापुरते थांबत नाही.

बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या मूळ प्रणालीत, शिरल्यावर तारीख कित्येक वर्षे मागची दिसली. मदरबोर्डवरचा रुपयाच्या नाण्यासारखा सीआर २०३२ सेल काढून मल्टिमीटर लावला, तर तीन व्होल्टच्या जागी अडीचही भरेनात. भिंतीवरचे बटण चालू असते तोवर बायोसच्या सेटिंग बाहेरच्या विजेवर टिकतात, ते बंद केले की सारा भार या सेलवर येतो. सेल मेलेला होता, म्हणून रात्रीत सगळ्या सेटिंग मूळ पदावर गेल्या, आणि त्यातच डिस्कशी बोलण्याची पद्धतही बदलली. विंडोज ‘एएचसीआय’ पद्धतीवर बसवलेले होते, ती पद्धत बदलल्यामुळे त्याला स्वतःचीच डिस्क ओळखू येईना. नवा सेल बसवला, ती सेटिंग पूर्ववत केली आणि एकही फाइल न हलता विंडोज सुरू झाले, वर्षानुवर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि श्रीलिपीत टाइप केलेल्या लग्नपत्रिकांसह.

समजा, तेथे फॉरमॅट केले असते, तर? संगणक सुरू झाला असता. बदललेल्या सेटिंगला अनुसरूनच नवे विंडोज बसले असते, अपडेटने वाट लावली हा समज पक्का झाला असता आणि दुकानदाराचे म्हणणे खरे ठरले असते. मग रोज सकाळी तारीख मागे गेली असती, तारीख चुकल्यामुळे ब्राउझरने बँकेचे आणि परीक्षेच्या अर्जाचे संकेतस्थळ असुरक्षित म्हणून उघडायला नकार दिला असता, आणि पुन्हा कोणीतरी अपडेटलाच बोल लावला असता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. फॉरमॅटने संगणक सुरू झाला, एवढ्यावरून बिघाड कळला असे होत नाही, उलट तो कळण्याच्या खुणा पुसल्या जातात.

दुकानात देणे भागच असेल तर दोन गोष्टी तोंडी नव्हे, लिहून सांगाव्यात : सी ड्राइव्हवरील फाइली आधी उतरवून घ्याव्यात, आणि ‘रीसेट’ करायचे झाल्यास फाइली राखणारा पर्याय निवडावा. हा पर्याय कागदपत्रे आणि फोटो राखतो, पण टॅली, श्रीलिपी यांसारखी बसवलेली सॉफ्टवेअर काढून टाकतो, हेही ध्यानात असू द्यावे. अलीकडच्या बऱ्याच संगणकांत मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की डिस्क आपोआप सांकेतिक होते. तशी डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावली तरी ४८ अंकी रिकव्हरी की असल्याशिवाय काही वाचता येत नाही. ही की बहुधा त्याच खात्यात जपलेली असते आणि मोबाइलवरूनही पाहता येते. संगणक धड चालू असतानाच ती वहीत उतरवून ठेवावी.

अपडेट कायमची बंद करण्याच्या सल्ल्यामागचा अनुभव मी नाकारत नाही. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधील ‘मेल्टडाउन’ आणि ‘स्पेक्टर’ या दोषांवरचे अपडेट आले, तेव्हा एएमडी या कंपनीचे प्रोसेसर असलेले काही जुने संगणक त्यामुळेच सुरू होईनासे झाले आणि मायक्रोसॉफ्टला अशा संगणकांसाठी ते थांबवावे लागले. ऑगस्ट २०२४ च्या अपडेटनंतर विंडोजच्या जोडीला लिनक्स ही दुसरी कार्यप्रणाली ठेवणाऱ्या अनेकांचे लिनक्स उघडेना. म्हणजे अपडेट नेहमीच निरपराध असते, असे मी म्हणत नाही. पण दुसरी बाजूही पाहावी. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या घातक प्रोग्रामने जगभरातील संगणकांच्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागायला सुरुवात केली, तेव्हा ज्या छिद्रातून तो शिरत होता ते बुजवणारे अपडेट १४ मार्चलाच, म्हणजे जवळपास दोन महिने आधी, दिले गेले होते. ज्यांनी ते घेतले होते त्यांच्या संगणकात त्या छिद्रातून शिरायला त्याला वाव उरला नाही. ज्या घरातून बँकेचे व्यवहार आणि मुलांचे प्रवेश अर्ज होतात, त्या घरी अपडेट कायमची बंद ठेवणे मला परवडणारे वाटत नाही.

मी सुचवतो तो मधला मार्ग असा. नियमित अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते. त्या मंगळवारच्या आधी ‘पॉज’चा पर्याय वापरून आठवडाभर थांबावे, मोठा घोटाळा असेल तर तो बहुधा तेवढ्यात उघड होतो. विंडोज ११ मध्ये हे थांबणे पाच आठवड्यांपर्यंत वाढवता येते. नवी अपडेट उपलब्ध होताच घेण्याचे जे बटण सेटिंगमध्ये आहे, ते बंदच ठेवावे. आणि दुरुस्तीच्या स्क्रीनवरून एखादे अपडेट काढले, तर विंडोज सुरू होताच आधी ‘पॉज’ करावे, नाहीतर तेच अपडेट पुन्हा येऊन बसते आणि दुसऱ्या दिवशी आपण पुन्हा होतो तिथेच असतो.

राहिला आपला स्वतःचा संगणक. ‘नो बूटेबल डिव्हाइस’ हा संदेश विंडोजचा नाही, तो विंडोजच्या आधीच्या टप्प्यातला आहे. त्यामुळे अपडेट काढण्याचा माझ्या लेखातील उपाय आपल्याला सध्या लागू नाही. प्रथम सगळे पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डे काढून एकदा सुरू करून पाहावे. तरीही तेच आले, तर सुरू करताच ‘डिलीट’ किंवा ‘एफ २’ ही कळ पुन्हा पुन्हा दाबून बायोसमध्ये जावे. तारीख पाहावी आणि डिस्कचे नाव तेथे दिसते का ते पाहावे, आणि काहीही बदलण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो काढावा. नाव दिसत असेल, तर बूटच्या क्रमात ‘विंडोज बूट मॅनेजर’ वर आहे का, आणि सुरू होण्याच्या पद्धतीत ‘यूईएफआय’ (नवी) ऐवजी ‘लेगसी’ (जुनी) किंवा त्याच्या उलट असा बदल झाला आहे का, हे तपासावे. तारीखही मागे गेलेली असेल, तर सेल आधी बदलावा. हे सगळे ठीक असूनही अडले, तरच वर सांगितलेल्या पेनड्राइव्हवरून ‘स्टार्टअप रिपेअर’ चालवावे.

डिस्कचे नाव दिसतच नसेल, तर भिंतीवरचे बटण बंद करून, वायर काढून डिस्कच्या दोन्ही केबल काढून पुन्हा घट्ट बसवाव्यात, शक्य असल्यास डेटाची केबल बदलून पाहावी. तरीही नाव आले नाही, किंवा डिस्कमधून टक् टक् असा ठरावीक आवाज येत असेल, तर पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नये. तो बिघाड डिस्कचा आहे. त्यात जपण्यासारखे काही असेल, तर डिस्क सुटी काढून फक्त डेटा काढून देण्याचे काम करणाऱ्याकडे न्यावी, आणि नसेल, तर सरळ नवी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, बसवून घ्यावी. बायोसच्या पानांचे फोटो पाठवलेत, तर यांपैकी नेमके काय आहे ते मला अधिक खात्रीने सांगता येईल.