‘मशीन काही हात ओढत नाही’ म्हणे!

४ मार्चचा राष्ट्रीय सुरक्षा दिन जवळ आला की फूड फॅक्टरीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. सार असं: मशीन स्वतःहून हात ओढत नाही, ८८ टक्के अपघात कामगाराच्याच चुकीने होतात, हातमोजे दिले तरी हे लोक घालत नाहीत, मशीनवरचं संरक्षक झाकण, म्हणजे गार्डही तेच काढून ठेवतात, आणि चूक त्यांची असेल तर भरपाई कसली? खाली हात जोडल्याचं चित्र.

आधी ते ८८ टक्के. हर्बर्ट हाइनरिक या अमेरिकी विमा कंपनीतल्या अधिकाऱ्याने १९३१ साली हा आकडा मांडला. आधार होता विमादाव्यांच्या फायली आणि कारखान्यांतले अहवाल यांचा. आता अपघाताचा अहवाल लिहिणार बहुधा सुपरवायझर. ‘गार्ड तुटला होता, मी तसंच काम चालू ठेवलं’ असं तो स्वतःच्या हाताने कशाला लिहील?

मशीन हात ओढत नाही म्हणणाऱ्याने पिठाची पोळी लाटणारे रोलर बघावेत. १५ सेंटिमीटर व्यासाचा रोलर मिनिटाला ६० फेरे घेत असेल, तर त्याचा पृष्ठभाग सेकंदाला सुमारे ४७ सेंटिमीटर सरकतो. बोट चिमटलं हे कळून हात मागे घ्यायला पाव सेकंद धरा. तेवढ्यात १२ सेंटिमीटर हात आत, म्हणजे बोटं संपून तळहात. लाल बटण दाबलं तरी जड रोलर तिथल्या तिथे थांबेलच असं नाही.

हातमोज्यांचं तर उलटंच. मासे कापायच्या टेबलावर तारेच्या जाळीचा मोजा हवाच. पण फिरत्या रोलरजवळ आधी मोजा अडकतो आणि मग तोच हाताला आत नेतो. तिथे मोजा न घालणारा कामगार शहाणा.

गार्ड मात्र कामगार काढतात, हे खरं. का काढतात, हे मेसेजात नसतं. खाण्याच्या वस्तूंचं मशीन रोज उघडून धुवावंच लागतं. शिफ्ट संपत आलेली, पीठ मळायच्या मिक्सरच्या हुकामागे पीठ वाळून बसलेलं. गार्डला चार बोल्ट, पाना मेंटेनन्सच्या कपाटात, कपाटाची चावी घरी गेलेल्या फिटरकडे. सकाळी क्वालिटीवाले तपासायला येणार. हुक थोडा फिरल्याशिवाय मागचं पीठ निघत नाही, म्हणून मशीन हळू चालू ठेवून खरवडणं चालतं. झाकण उघडताच मोटर बंद करणारा लिमिट स्विच असतो, पण तो दाबलेलाच राहावा म्हणून त्यावर चिकटपट्टी. ती पट्टी रोज राउंडला येणाऱ्या साहेबांना दिसत नाही होय?

१९४८च्या कारखाने कायद्याचं २१वं कलम याबाबत स्पष्ट होतं: धोकादायक भागांना भक्कम गार्ड हवा, आणि ते भाग चालू असेपर्यंत तो सुस्थितीत, जागेवर हवा. एकदा बसवला की जबाबदारी संपली, असं नाही. बिजागरीचा, पान्याशिवाय उघडणारा आणि उघडताच मोटर बंद करणारा गार्ड मिळतो. धुण्याआधी मेन स्विचला कुलूप लावून चावी धुणाऱ्याच्या खिशात ठेवता येते. अमेरिकेत असा नियम १९८९मध्येच आला.

राहिली भरपाई. १९२३च्या भरपाई कायद्यात साधा निष्काळजीपणा हा अपवादच नव्हता. नशेत असणं, सुरक्षेचा स्पष्ट आदेश जाणूनबुजून मोडणं किंवा गार्ड मुद्दाम काढणं, कामगाराच्या चुकीबाबत एवढेच अपवाद. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर तेही लागू होत नव्हते. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही रचना हीच आहे. त्यामुळे दवाखान्यात पडलेल्या माणसाकडून ‘चूक माझीच’ असं घाईघाईने लिहून घेतलं, तरी तेवढ्याने त्याचा दावा बुडत नाही.