जपानमधलं ताकायामा शहर एका दिवसात ‘उरकणाऱ्यांनो’, जरा थांबा!

नागोयाहून ‘हिदा’ गाडीने जवळजवळ अडीच तास. नाश्ता हादडून दहाला निघालात, तर मियागावा नदीकाठचा सकाळचा बाजार कुठून दिसणार? बाराला आवरतात तो! नावातच ‘सकाळचा’ आहे ना? मग रिव्ह्यूत रिकाम्या टेबलांचे फोटो टाकून एकच तारा कशाला? सानमाची या जुन्या वस्तीतली लाकडी दुकानं पाचच्या सुमाराला मिटतात. सहाला काय, बंद दारं मोजायची? वर मिताराशी दांगो (काडीला टोचलेले तांदळाच्या पिठाचे गोळे) गोड नाही म्हणून नाकं मुरडायची. अहो, इथला दांगो नुसता सोया सॉस लावून भाजलेला, खारटच असतो! पाकातला हवा तर क्योतोत खा. आणि जानेवारीत कामिकोचीचं डोंगरी खोरं? नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत तिकडे बसच जात नाही. एक रात्र राहिलात तर अंगाला भोकं पडतात का?